अमेरिकेतल्या कॉलेज फ्रॅटर्निटी आणि समाजसेवा: आपली मुलं आणि त्यांचे आईबाबा नेहमी विचारतात ते प्रश्न

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की मला मेसेज यायला लागतात. कुणाचा भाचा पहिल्या वर्षाला आलेला असतो, कुणाची मुलगी "आई मी फ्रॅटर्निटी जॉइन करतेय" म्हणून फोन ठेवून मोकळी झालेली असते आणि आई तिकडे कोल्हापुरात रात्रभर जागी. मी मूळची सांगलीची, इकडे बॅचलर्स करायला आले आणि त्यातली साडेतीन वर्षं अल्फा फाय ओमेगा नावाच्या सर्व्हिस फ्रॅटर्निटीत काढली. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

फ्रॅटर्निटी म्हणजे नक्की काय? पिक्चरमध्ये दाखवतात तसं दारू आणि दंगाच ना?

फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजमधल्या मुलांची शपथ घेऊन बांधलेली मंडळी, नाव ग्रीक अक्षरांचं, वर्गणी भरायची, आठवड्याला मीटिंग, आणि एकदा मेंबर झालात की जन्मभर मेंबर. मुलींच्या अशा संघटनेला सोरोरिटी म्हणतात. ग्रीक अक्षरांची पहिली संघटना फाय बीटा कप्पा, ती 1776 साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झाली, म्हणजे ही पद्धत अमेरिका देशाएवढीच जुनी आहे.

आपल्याकडच्या माणसाला समजवायचं तर मी गणपती मंडळाचं उदाहरण देते. गल्लीतली पोरं, अध्यक्ष, खजिनदार, वर्गणी, दुसऱ्या मंडळाशी चढाओढ, आणि त्याच मंडळाचं रक्तदान शिबिर, पूर आला की हीच पोरं बोटीत. बाहेरच्याला फक्त डीजे ऐकू येतो, गल्लीतल्या म्हाताऱ्यांना मात्र माहीत असतं की रात्री अडीचला रिक्षा कोण आणतं. तसंच आहे हे. दंगा नसतोच असं मी म्हणणार नाही, पण तेवढंच असतं असं ज्याला वाटतं त्याने एकदा शनिवारी सकाळी फूड बँकेत, म्हणजे गरजूंसाठी अन्न गोळा करून वाटतात तिथे, येऊन बघावं.

प्रकार बरेच आहेत. स्वतःचं मोठं घर असलेल्या सोशल फ्रॅटर्निटी, अकाउंटिंग वगैरे विषयांच्या प्रोफेशनल, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी उभ्या केलेल्या, देसी मुलांनी काढलेल्या, आणि फक्त सेवेसाठीच असलेल्या.

फक्त सेवेसाठी? अशी खरंच असते?

असते. अल्फा फाय ओमेगा 16 डिसेंबर 1925 ला पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी लाफायेट कॉलेजात सुरू झाली. फ्रँक रीड हॉर्टन नावाचा विद्यार्थी, पहिल्या महायुद्धात नौदलात राहून आलेला, त्याला वाटलं की स्काउटमध्ये जे शिकवतात ते कॉलेजच्या वयातही हवं, म्हणून त्याने मित्र जमवले. तीन तत्त्वं: लीडरशिप, फ्रेंडशिप, सर्व्हिस. आमच्याकडे राहायला घर वगैरे नसतं, कॉलेजच्या एखाद्या वर्गात मीटिंग भरते. सेवा चार दिशांनी करायची असते, कॅम्पसची, गावाची, देशाची आणि आपल्याच मेंबर्सची. ही शेवटची लोक विसरतात. आमच्यातल्या एकीला डेंग्यूसारखा ताप आला होता तेव्हा चॅप्टरने, म्हणजे आमच्या कॉलेजातल्या शाखेने, आठ दिवस पाळी लावून तिला जेवण पोचवलं आणि ते तास कुणी वहीत लिहिलेसुद्धा नाहीत.

बिल क्लिंटन जॉर्जटाऊनला असताना याच फ्रॅटर्निटीत होते. फिलिपीन्समध्येही 1950 पासून ही चालते आणि तिकडे तर फारच जोरात.

पण तू मुलगी आहेस ना? मग फ्रॅटर्निटीत कशी?

1976 पासून आमच्याकडे मुलींना पूर्ण मेंबरशिप आहे आणि मुलींनाही ब्रदरच म्हणतात. पहिले दोन महिने मला ते कानाला खटकायचं, मग सवय झाली, आता माझ्या लग्नात चार "ब्रदर" नऊवारी नेसून उभ्या होत्या. सोशल फ्रॅटर्निटी मात्र बहुतेक फक्त मुलांच्याच असतात, मुलींनी सोरोरिटीकडे बघायचं.

प्रत्यक्षात काम काय करता? झाडं लावणं आणि फोटो?

हे जरा नीट सांगते कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

फूड बँक हे नेहमीचं काम. लोकांनी दिलेले डबे, पाकिटं मोठ्या खोक्यांमधून येतात, ते निवडायचे. ऐकायला सोपं वाटतं पण पहिल्या दिवशी मी तारीख उलटलेलं सगळं सरळ कचऱ्यात टाकत होते, तेव्हा तिथल्या आजींनी हात धरून शिकवलं की डब्यावरची "बेस्ट बाय" तारीख म्हणजे चव कधीपर्यंत उत्तम एवढंच, त्यानंतरही बरेच डबे खाण्यालायक असतात, पण शिवणीवर चेपलेला किंवा फुगलेला डबा लगेच बाजूला, आणि बाळाच्या दुधाची पावडर तारखेनंतर अजिबात पुढे जाता कामा नये. त्या एका तासात मला जे कळलं ते कुठल्या वर्गात कळलं नसतं.

पानगळीत म्हाताऱ्या माणसांच्या अंगणातली पानं ओढायची, थंडीत त्यांच्या दारातला बर्फ उपसायचा. इकडच्या बऱ्याच शहरांत घरापुढच्या फुटपाथवरचा बर्फ घरमालकानेच काढायचा असा नियम असतो, नाही काढला तर दंड. ऐंशी वर्षांच्या एकट्या बाईने फावडं कसं मारायचं? तर चॅप्टरकडे यादी असते, बर्फ पडला की सकाळी सहाला ग्रुपवर मेसेज पडतो आणि ज्याचा लेक्चर उशिरा आहे तो जातो. आमच्या यादीत एक आजोबा होते, रिटायर्ड बस ड्रायव्हर, ते आम्हाला दर वेळी कोको द्यायचे आणि म्हणायचे पाच मिनिटं बसा. खरं काम ती पाच मिनिटं होती हे मला दुसऱ्या हिवाळ्यात लक्षात आलं.

हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या घरबांधणीला जाणं पण खूप चालतं. तिथे मला आवडलेली गोष्ट म्हणजे ज्या कुटुंबाला घर मिळणार तेही ठरलेले तास स्वतः राबतात, त्यामुळे तुम्ही हातोडा मारताय आणि शेजारी त्या घराची मालकीणच खिळे देतेय असं असतं, उपकार वगैरेचा वास येत नाही. आपल्याकडच्या श्रमदानासारखंच.

शिवाय शाळेतल्या मुलांना वाचन शिकवणं, ॲनिमल शेल्टरमधली कुत्री फिरवणं, नदीकाठ साफ करणं. कॉमर्सची मुलं कमी उत्पन्नवाल्या लोकांचे टॅक्स रिटर्नचे फॉर्म फुकट भरून देतात, व्हिटा नावाचा सरकारी उपक्रम आहे, त्यासाठी आधी टॅक्स खात्याची परीक्षा पास व्हावी लागते, कुणीही उठून बसू शकत नाही.

रक्तदान शिबिरं पण भरवतात. आपल्या नव्या मुलांनी एक लक्षात ठेवा, मलेरिया असलेल्या देशात वर्षानुवर्षं राहून आलेल्या माणसाला इकडे साधारण तीन वर्षं रक्त देता येत नाही, म्हणजे भारतातून नुकतेच आलात तर परत पाठवतील. वाईट वाटून घेऊ नका, नाव नोंदवायच्या टेबलावर बसा, रक्त देऊन आलेल्यांना ज्यूस बिस्किटं द्या, चक्कर येतेय का बघा, तिथे माणसं नेहमीच कमी पडतात.

फिलँथ्रॉपी आणि सर्व्हिस हे दोन शब्द सारखे कानावर येतात, एकच ना?

नाही. फिलँथ्रॉपी म्हणजे पैसे गोळा करणं, सर्व्हिस म्हणजे स्वतःचे हात आणि तास. सोशल फ्रॅटर्निटी पहिल्यात तरबेज असतात. बहुतेकांची एक ठरलेली संस्था असते, म्हणजे टाऊ कप्पा एप्सिलॉनवाले मेम्फिसच्या सेंट ज्यूड या लहान मुलांच्या हॉस्पिटलसाठी पैसे जमवतात, कारण ते हॉस्पिटल काढणारे नट डॅनी थॉमस त्यांचे मेंबर होते. फाय डेल्टा थीटाचं काम एएलएस या स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या आजारासाठी, बेसबॉल खेळाडू लू गेरिग त्यांचा होता आणि त्याच आजाराने गेला. आपलाच माणूस ज्यात गेला त्याच्याविरुद्ध पिढ्यानपिढ्या पैसे उभे करायचे, मला हे फार भिडतं.

सगळ्यात मोठं उदाहरण पेन स्टेट युनिव्हर्सिटीचं थॉन. 1973 साली तिथल्या फ्रॅटर्निटींनी मिळून नाचाची मॅरेथॉन सुरू केली, 1977 पासून तो पैसा फोर डायमंड्सकडे जातो, म्हणजे कॅन्सर झालेल्या मुलांच्या कुटुंबांना मदत. फेब्रुवारीत एका वीकेंडला 46 तास विद्यार्थी उभे असतात, बसायचं नाही झोपायचं नाही. 2023 ला दीड कोटी डॉलरच्या वर जमले होते. विद्यार्थ्यांनी चालवलेली गोष्ट आहे ही, पगारी इव्हेंट कंपनी नाही! आता त्यात फक्त ग्रीक संघटना नसतात, सगळी युनिव्हर्सिटीच असते.

आणि पाय कप्पा फायची मुलं 1977 पासून अपंग व्यक्तींसाठी काम करतात, त्यांच्यातली काही दर उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरून सायकलने निघतात ते थेट वॉशिंग्टन डीसीला, आणि वाटेत गावोगावी अपंग मुलांच्या संस्थांमध्ये थांबत जातात, त्यांच्यासोबत नाचतात खेळतात. आपल्या वारीची आठवण येते मला, मुक्काम दर मुक्काम.

कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटी वेगळ्या का आहेत?

कारण जुन्या फ्रॅटर्निटींची दारं त्यांना बंद होती. अल्फा फाय अल्फा 4 डिसेंबर 1906 ला कॉर्नेल युनिव्हर्सिटीत सुरू झाली. आज अशा नऊ संघटना आहेत, पाच मुलांच्या आणि चार मुलींच्या, लाडाने डिव्हाइन नाइन म्हणतात. सेवेबद्दल बोलायचं तर माझ्या मते बाकीच्यांनी यांच्याकडून शिकावं, कारण इथे काम डिग्रीबरोबर संपत नाही, पन्नाशी साठीचे मेंबर गावातल्या चॅप्टरमध्ये दर महिन्याला येतात आणि त्याच वस्तीतल्या मुलांना कॉलेजचे फॉर्म भरून देतात. मतदार नोंदणीचं यांचं काम 1930 च्या दशकापासूनचं आहे, म्हणजे ज्या काळात दक्षिणेत काळ्या माणसाने मतदार यादीत नाव घालायला जाणं जिवावरचं होतं त्या काळापासून.

मार्टिन ल्यूथर किंग हे अल्फा. वॉशिंग्टनला 2011 मध्ये त्यांचं जे स्मारक उघडलं ना, त्याची कल्पना आणि त्यासाठीची धडपड याच फ्रॅटर्निटीची, 1984 ला विषय निघाला, 1996 ला काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, परवानगी, पुढे पैसे जमवत पंधरा वर्षं. जानेवारीतला तिसरा सोमवार किंग यांच्या नावाने सुट्टीचा असतो आणि तो सेवेचा दिवस म्हणून पाळतात. तुम्ही नवीन आलात आणि कुठून सुरुवात करू कळत नसेल तर त्या सोमवारी कॅम्पसवर कुठल्याही गटात नाव द्या, कुणी नाही म्हणत नाही.

आपल्या देसी मुलांच्या आहेत का?

आहेत. डेल्टा एप्सिलॉन साय 1998 ला टेक्सास युनिव्हर्सिटी, ऑस्टिनला सुरू झाली, बीटा ची थीटा 1999 ला यूसीएलएला. डेल्टा एप्सिलॉन सायवाले टाइप वन डायबिटीससाठी पैसे जमवतात, आणि आपल्या घराघरात शुगर असताना यापेक्षा जवळचा विषय कुठला.

पण देसी संघटनांचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं काम म्हणजे बोन मॅरो, म्हणजे अस्थिमज्जा, देणाऱ्यांच्या नोंदणीच्या मोहिमा. ब्लड कॅन्सरच्या पेशंटला दाता जुळायचा तर तो बहुतेकदा आपल्याच वंशाच्या लोकांत सापडतो आणि अमेरिकेतल्या यादीत दक्षिण आशियाई लोक कमी आहेत, त्यामुळे आपल्या माणसाला दाता मिळणं अवघड जातं. नोंदणी म्हणजे गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, दोन मिनिटं. मुलं दिवाळीच्या कार्यक्रमात, गरब्याला, महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला टेबल टाकून बसतात. काका लोक "हाडातून काढतात ना, पाठ जाते" म्हणून लांबून जातात. तसं नाहीये. बहुतेक वेळा पाच दिवस इंजेक्शन घेऊन मग हाताच्या शिरेतूनच पेशी घेतात, प्लेटलेट देताना बसतो तसं बसायचं. भारतात असाल तर दात्री नावाची रजिस्ट्री आहे, तिथे नोंदवा. आणि एकदा नोंदवलंत तर फोन आल्यावर मागे हटू नका, पलीकडे कुणाच्या तरी घरी तोवर आशा लागलेली असते.

हे सगळं रेझ्युमेसाठीच करतात ना?

काही जण करतात. तास भरायचे असतात, सेमिस्टरला वीस पंचवीस असा काहीतरी आकडा चॅप्टरप्रमाणे ठरलेला असतो, तो पूर्ण करायला शेवटच्या आठवड्यात धावपळ करणारे मी खूप पाहिलेत. पण मी त्यांना नावं ठेवत नाही कारण आमच्यातला सगळ्यात पक्का स्वयंसेवक, जो आज सहा वर्षं झाली तरी दर बुधवारी त्याच शाळेत गणित शिकवायला जातो, तो पहिल्यांदा तासांसाठीच आला होता. माणूस दारात कशासाठी आला यावरून मी त्याला जोखत नाही, दुसऱ्या आठवड्यात परत आला का ते बघते.

म्हणून चॅप्टर निवडताना मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगते: तुम्ही गेल्या वर्षी ज्या ठिकाणी गेलात त्यातल्या किती ठिकाणी या वर्षीही जाताय? वीस ठिकाणी एकेकदा जाणाऱ्यापेक्षा दोन ठिकाणी दर आठवड्याला जाणारा चॅप्टर घ्या.

गावातल्या लोकांना ही मुलं आलेली खरंच हवी असतात का?

प्रामाणिक उत्तर, कधी कधी नसतात. माझ्याच पहिल्या वर्षी आम्ही चाळीस जण व्हॅलेंटाइन डेला एका वृद्धाश्रमात गेलो, कार्ड फुगे सगळं घेऊन, आधी फोन केला होता पण चाळीस येणार हे सांगितलं नव्हतं. दुपारची झोपेची वेळ. तिथल्या नर्सबाईंना काम सोडून आम्हाला सांभाळत बसावं लागलं, एक आजी गोंगाटाने रडायला लागल्या. आम्ही फोटो काढून परत आलो आणि रात्री मीटिंगमध्ये आमच्या प्रेसिडेंटने विचारलं की आज मदत कुणी कुणाला केली. कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः जाऊन माफी मागून आली आणि विचारून आली की तुम्हाला काय हवंय. त्यांना हवं होतं रविवारी संध्याकाळी दोन जण, पत्ते खेळायला, तेच दोन, दर रविवारी. तो रविवार आमच्या चॅप्टरमध्ये अजून चालू आहे.

शेजाऱ्यांचं पण तसंच. फ्रॅट हाऊसच्या बाजूला राहणाऱ्या कुटुंबाला रात्री एकला आवाजाचा त्रास होत असेल तर तुम्ही कॅन्सरसाठी किती हजार जमवले याचं त्यांना काय करायचंय. आधी बाटल्या उचला, आवाज कमी करा, आपला नंबर त्यांना देऊन ठेवा. सेवा तिथून सुरू होते असं माझं ठाम मत आहे.

एफ-वन व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, व्हॉलंटिअरिंग चालतं का?

चालतं, फक्त ते खरंखुरं व्हॉलंटिअरिंग हवं. धर्मादाय संस्थेत, जिथे ते काम कुणीच पगारावर करत नाही, तिथे फुकट काम करायला हरकत नसते. पण एखाद्या कंपनीत किंवा दुकानात, जिथे त्याच कामाला माणूस पगारावर ठेवतात, तिथे "मी फुकट करतो" म्हटलं तरी ती नोकरीच धरली जाऊ शकते आणि व्हिसा गोत्यात येतो. शंका आली तर सिनिअरला नाही, युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, आणि ईमेलवर विचारा म्हणजे उत्तर लेखी राहतं.

रॅगिंगची भीती वाटते.

वाटायलाच हवी. इकडे त्याला हेझिंग म्हणतात, त्यात मुलं मेली आहेत, बहुतेक वेळा दारू पाजून. डिसेंबर 2024 मध्ये देशभरासाठी कायदा झाला, आता कॉलेजांना हेझिंगच्या प्रकरणांचा अहवाल वेबसाइटवर टाकावा लागतो, कुठल्या संघटनेने काय केलं ते नावानिशी. आईबाबांनो, मुलाने फ्रॅटर्निटीचं नाव सांगितलं की आधी तो अहवाल उघडून बघा. आणि मुलांनो, कुणी म्हणालं की ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, तर त्याच क्षणी उठून बाहेर या. चांगल्या चॅप्टरमध्ये नवख्याला परीक्षा म्हणून एखादा सेवेचा प्रकल्प स्वतः उभा करायला लावतात, आमच्याकडे तेच होतं.

खर्च?

सर्व्हिस फ्रॅटर्निटीला घर नसल्यामुळे बराच कमी, सोशलला बराच जास्त. सही करायच्या आधी पूर्ण वर्षाचा आकडा लेखी मागा.

मी भारतात एनएसएस केलंय, त्याचा उपयोग होईल?

भरपूर. एनएसएस 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांत सुरू झालं, दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं गावातलं शिबिर. ते शिबिर केलेला माणूस इकडे पहिल्याच दिवशी ओळखू येतो. झाडू कुठे आहे विचारतो. फरक एवढाच की तिकडे प्रोग्रॅम ऑफिसर सर असतात, वरून परिपत्रक येतं, इकडे सगळं विद्यार्थ्यांनीच ठरवायचं, संस्थेला फोन करण्यापासून गाड्यांची सोय आणि पावसाचा पर्याय लावण्यापर्यंत. पण शिबिरात गावकऱ्यांच्या ओसरीवर बसून त्यांचं ऐकून घ्यायची जी सवय लागते ती इकडच्या मुलांकडे कमी असते, ती तुम्ही घेऊन या. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला जाऊन आलेला एक मुलगा आमच्याकडे होता, त्याने चॅप्टरला सकाळी काम आणि दुपारी त्या कामावर गोल बसून चर्चा ही पद्धत लावून दिली.

पहिल्या दिवशी काय घालून जाऊ, काय नेऊ?

पाय पूर्ण झाकणारे बूट, सँडल घातली तर बांधकामावर आणि फूड बँकेत दारातूनच परत पाठवतात. जुनी जीन्स. पाण्याची बाटली. ओळखपत्र. केस लांब असतील तर बांधून. फोन खिशात ठेवा, पेशंट किंवा लहान मुलं असतील तिथे विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा, आणि निघताना तिथल्या माणसाला विचारा की पुढच्या आठवड्यात किती जण लागतील.